हायड्रो टेस्ट निर्विघ्न पार पाडण्याची रीत

बुटीबोरीत किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत आपल्याकडे एखादा बॉयलर असेल, त्याच्या ट्यूबा नुकत्याच बदलल्या असतील आणि मालक तासातासाला फोन करून ‘वाफ केव्हा?’ असे विचारत असतील, तर हायड्रो टेस्टचा, म्हणजे बॉयलरमध्ये पाणी भरून दाब चढवण्याच्या चाचणीचा, हेतू आपण आधी नीट समजून घ्यावा. ती गळती शोधण्यासाठी घेतात, हा पुस्तकी गैरसमज आहे. ती गळती न सापडता आटोपावी, यासाठीच आपल्याला पगार मिळतो.

पाणी भरताना माथ्यावरच्या व्हेंटमधून, म्हणजे हवा बाहेर सोडणाऱ्या तोटीतून, सलग धार लागेपर्यंत तो उघडा ठेवावा, असे जुने लोक सांगतात. आपण तो थोडा आधीच बंद करावा. पाणी जवळजवळ दाबलेच जात नसल्यामुळे किंचित गळाले तरी गेजचा काटा लगेच चहाडी करतो. आत हवा कोंडलेली असली, तर ती पसरत जाऊन पाण्याची तूट झाकते आणि काटा बराच वेळ अब्रू राखतो. दाबलेल्या हवेत ऊर्जा साठते आणि अशा वेळी एखादा प्लग सुटला तर तो गोळीसारखा येतो, हे खरे आहे. पण ट्यूबांची टोके जिच्यात बसवतात त्या ट्यूब प्लेटसमोर बॅटरी घेऊन वाकलेला माणूस कंत्राटदाराचा असतो, आपला नव्हे.

दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाबाच्या बॉयलरवर दीडपटीने १५ किलो दाब चढवून, व्हॉल्व्ह बंद करून, अर्धा तास पंपाला हात लावायचा नाही, ही अपेक्षा तर अमानुषच आहे. पंपाच्या दांड्यापाशी बॉयलर चालवणारा एखादा मुरलेला फायरमन बसवावा आणि तपासणीला आलेल्या साहेबांसमोर तर्रीपोह्यांची प्लेट नेमकी काटा कलू लागताच यावी.

एवढे करूनही एक्स्पांडरने, म्हणजे ट्यूबेचे टोक आतून फुगवून प्लेटीत घट्ट बसवणाऱ्या हत्याराने, केलेल्या जोडावर थेंब दिसलाच, तर ‘ट्यूबेला घाम आला आहे’ असे शांतपणे सांगावे. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, माणसाचाही घाम अंगावर टिकत नाही आणि टाकीतले पाणी हाताला चटका देते. तरीही तो लोखंडावर टिकतो, हे विदर्भाचे वैशिष्ट्य समजावे. कोणी फारच हट्ट धरला, तर एक्स्पांडर आणखी दोन वेढे फिरवावा. ट्यूबेची भिंत त्याने पातळ होते आणि शेजारचा धड जोड सैल पडू शकतो, पण तो पुढच्या शटडाउनचा विषय झाला.

मग रजिस्टर. १९२३ चा बॉयलर कायदा शंभरी ओलांडून गेला, २०२५ चा नवा आला. ‘चाचणी समाधानकारक’ हे दोन शब्द मात्र कोणत्याही कायद्यात तितकेच सुबक दिसतात.

राहता राहिले सेफ्टी व्हॉल्व्हवरचे गॅग, म्हणजे व्हॉल्व्ह दाबून धरणारे शिकंजे. चाचणीच्या दाबाला व्हॉल्व्ह उडू नये म्हणून लावलेले हे शिकंजे, पाने घेऊन, शिडी चढून, पुन्हा काढत बसण्याइतका वेळ आता कोणाला आहे? उद्या भट्टी पेटेल, दाब दहाच्या पुढे सरकेल, तरी व्हॉल्व्ह हूं की चूं करणार नाही. मालकांना तसाही आवाज न करणारा बॉयलरच आवडतो.