घानाच्या संसदेतल्या १८९ जागा नेमकं काय सांगतात

आफ्रिकेत लोकशाही रुजत नाही, हे पटवून देण्यासाठी घानाचा दाखला देणारा एक दावा बराच फिरतो. त्याचं म्हणणं असं: १९९२ मध्ये घानात बहुपक्षीय राजकारण परत आलं आणि पहिल्याच संसदेत लष्करी राजवटीचे प्रमुख जेरी रॉलिंग्ज यांच्या पक्षाने २०० पैकी १८९ जागा घेतल्या. म्हणजे लोकांना एकच नेता हवा होता, विरोधक नावापुरते होते, निवडणुका परदेशी देणगीदारांनी लादल्या होत्या आणि सत्ता काही हलली नाही. यातला आकडा खरा आहे. त्यावरून काढलेले निष्कर्ष मात्र टिकत नाहीत.

सर्वांत आधी, ‘लोकांनी एकमुखी कौल दिला’ हे. २९ डिसेंबर १९९२ च्या त्या निवडणुकीत प्रमुख विरोधी पक्ष उतरलेच नव्हते. ३ नोव्हेंबरला अध्यक्षपदाची निवडणूक झाली होती. तीत रॉलिंग्ज यांना सुमारे ५८ टक्के मतं मिळाली आणि न्यू पॅट्रिऑटिक पार्टीचे उमेदवार, इतिहासकार अल्बर्ट अडू बोआहेन यांना सुमारे ३० टक्के. मतदार यादी फुगलेली आहे, ती नव्याने करा, अशी विरोधकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही, म्हणून त्यांनी संसदीय निवडणुकीवर बहिष्कार टाकला. उरलेल्या ११ पैकी ९ जागाही रॉलिंग्ज यांच्या मित्रपक्षांनाच गेल्या, दोन अपक्षांना. अध्यक्षपदासाठी निम्म्याच्या आसपास मतदार बाहेर पडले होते, संसदेसाठी फार तर तीस टक्के. दहापैकी सात मतदार घरी बसले असताना १८९ जागांना जनतेचा कौल म्हणणं हा त्या सात जणांवर अन्याय आहे.

‘विरोधक नावापुरते होते.’ हा दावा मला सर्वांत जास्त खटकतो, कारण पुढची तीन-चार वर्षं तो पुसूनच टाकतो. संसदेत एकही जागा नसलेली न्यू पॅट्रिऑटिक पार्टी १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. सभा-मोर्चासाठी पोलिसांचा परवाना घेण्याची सक्ती घटनाबाह्य ठरली. अर्थसंकल्पावर आपली बाजू मांडायला सरकारी प्रसारण महामंडळाने विरोधकांनाही न्याय्य संधी दिली पाहिजे, असा निकाल लागला. ३१ डिसेंबर हा १९८१ च्या लष्करी उठावाचा दिवस. तो सरकारी खर्चाने साजरा करायला न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी मनाई केली. ज्या उठावातून सत्ताधाऱ्यांचा उदय झाला, त्याचाच वाढदिवस थांबवणं हे तेव्हाच्या घानात केवढ्या धाडसाचं होतं!

बहिष्काराची किंमतही मोजावी लागली, हे मान्य केलंच पाहिजे. अडवणारं कुणी नसलेल्या संसदेने १७.५ टक्क्यांचा मूल्यवर्धित कर मंजूर केला आणि मार्च १९९५ मध्ये तो लागू झाला. सभागृहात जे कुणी ठणकावून विचारलं नाही, ते ११ मे रोजी राजधानी अक्राच्या रस्त्यावर विचारलं गेलं. ‘कुमे प्रेको’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या मोर्चात माणसं मारली गेली. काही आठवड्यांत सरकारने कर मागे घेतला. १९९८ मध्ये तो परत आला, पण १० टक्क्यांवर.

‘निवडणुका देणगीदारांनी लादल्या.’ दबाव होता, पैसाही आला. पण बहुपक्षीय राजकारणासाठी उघडपणे उभी राहिलेली ‘मूव्हमेंट फॉर फ्रीडम अँड जस्टिस’ ही संघटना १९९० मध्ये घानातच स्थापन झाली, तीही पक्षांवर बंदी असताना. १९९४ पासून निवडणूक आयोग आणि पक्ष एका सल्लागार समितीत समोरासमोर बसू लागले. आयोगाचे अध्यक्ष होते क्वाद्वो अफारी-ग्यान. मग नवी मतदार यादी झाली, पारदर्शक मतपेट्या आल्या, केंद्रावरच मोजणी करून पोलिंग एजंटांच्या सह्या घेण्याची पद्धत बसली. कोणत्या पेटीवर आणि कोणत्या यादीवर विश्वास ठेवायचा, हे पक्षांनी आयोगाशी भांडून ठरवलं.

‘सत्ता हलली नाही’ याला तर नुसती निकालांची यादी पुरे. १९९६ मध्ये विरोधक उतरले, मतदान ७५ टक्क्यांच्या वर गेलं आणि रॉलिंग्ज यांचा पक्ष १३३ वर आला. २००० मध्ये न्यू पॅट्रिऑटिक पार्टीला २०० पैकी १०० जागा मिळाल्या, जॉन कुफुओर अध्यक्ष झाले आणि दोन मुदती संपलेले रॉलिंग्ज पायउतार झाले. २००८, २०१६ आणि २०२४ मध्येही मतदारांनी सत्ताधारी पक्ष बदलला. २०२० मध्ये दोन्ही पक्षांना १३७-१३७ जागा मिळाल्या, एक अपक्ष निवडून आला, आणि अध्यक्ष एका पक्षाचा असताना सभापती दुसऱ्या पक्षाचे झाले: अल्बन बॅगबिन, १९९३ च्या त्या एकतर्फी संसदेतले खासदार.

घानावर टीका करायला जागा भरपूर आहे. लष्करी राजवटीतल्या कृत्यांना संरक्षण देणारी कलमं १९९२ च्या राज्यघटनेत आहेत. निम्म्याहून अधिक मंत्री खासदारांमधूनच घ्यावे लागतात, त्यामुळे मंत्रिपदाकडे डोळे लावून बसलेला सत्ताधारी खासदार सरकारला क्वचितच अडवतो. जिल्ह्यांच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची नेमणूक देशाचा अध्यक्षच करतो, जिल्हा सभेने त्यावर नुसती मंजुरी द्यायची. या गोष्टींवर घानातले लोक स्वतः वर्षानुवर्षं वाद घालत आहेत.