चढ न काढता समांतर रेषा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

समांतर रेषेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार. तुमचे आक्षेप दोन. एक, ३क्ष + ४य = १२ ला समांतर आणि (५, −२) मधून जाणारी रेषा काढताना 'डावी बाजू तशीच ठेवा, बिंदू घाला, उजवी बाजू मिळेल' ही निव्वळ क्लासवाली ट्रिक आहे, मुलांना चढ (उजवीकडे एक घर सरकलं की रेषा किती वर किंवा खाली जाते ते) शिकवा. दोन, लेखातल्या सरावाचं चौथं उदाहरणच चुकलंय.

दुसरं आधी, कारण तिथे मी साफ चुकलोय. त्यात ३क्ष + ४य = १२ लाच समांतर, (८, −३) मधून जाणारी रेषा विचारली होती. तो बिंदू घातला की २४ − १२ = १२, म्हणजे बिंदू मूळ रेषेवरच बसलाय! मग मिळते ती तीच रेषा. शाळेच्या व्याख्येत समांतर रेषा एकमेकींना छेदत नाहीत, त्यामुळे 'स्वतःलाच समांतर' म्हणून सुटकाही नाही. बिंदू बदलून (८, −१) केलाय, उत्तर ३क्ष + ४य = २०.

पहिल्या आक्षेपावर मात्र भांडणार आहे. चढाने करून बघा. चढ −३/४, म्हणून य + २ = −३/४ (क्ष − ५). चारने गुणलं की ४य + ८ = −३क्ष + १५, म्हणजे ३क्ष + ४य = ७. माझ्या रीतीने ३ × ५ + ४ × (−२) = ७. उत्तर तेच. वह्या तपासताना वजा चिन्ह हरवलेलं सापडतं ते नेमकं त्या मधल्या अपूर्णांकाच्या ओळीत.

कारण न सांगता रीत दिली तर ती ट्रिकच, हे मान्य. लेखात कारण द्यायचं राहिलं. तर समजा, तुम्ही रेषेवर उभे आहात. उजवीकडे ४ घरं सरकलात की ३क्ष १२ ने वाढतं. बेरीज तेवढीच राहायची तर ४य १२ ने घटायला हवं, म्हणजे ३ घरं खाली. उजव्या बाजूला १२ असो, ७ असो की −१००, चाल तीच: ४ उजवीकडे, ३ खाली. अहो, हाच तर चढ, फक्त भागाकार न करता! (दोन रेषांमधलं अंतरही लगेच निघतं. १२ − ७ = ५, त्याला ३ आणि ४ च्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने, म्हणजे ५ ने, भागा. बरोबर १ एकक. मला हे फार आवडतं.)

आता क्ष = ५ ला समांतर, (−२, ७) मधून जाणारी रेषा घ्या. चढ काढायला गेलं की छेदात शून्य, आणि मुलं तिथेच पेन खाली ठेवतात. माझ्या रीतीने क्ष = −२, संपलं.

समीकरण य = २क्ष + ३ असं दिलं असेल तर मात्र तुमचंच खरं. चढ समोर दिसतोय, (१, −४) साठी य = २क्ष − ६ तोंडी येतं. तिथे पदं इकडून तिकडे नेणं हा उगाच द्राविडी प्राणायाम.

जाता जाता, ६क्ष + ८य = २४ ही ३क्ष + ४य = १२ ला समांतर आहे का, हे तुमच्या वर्गात विचारून बघा. चौथ्या उदाहरणात मी पडलो तो हाच खड्डा.