औषध लागलं की खाडा

परवा घरच्या ग्रुपवर दादाने लिहिलं (दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, यवतमाळलाच असतो) की फवारणीत विषबाधा होते ती या लोकांच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने. मास्क घालत नाहीत, हातमोजे घालत नाहीत, त्याच हाताने खर्रा (तंबाखू-सुपारी) खातात आणि मग मालकाच्या नि सरकारच्या नावाने बोंब मारतात. खाली चौदा अंगठे, त्यात माझ्या सख्ख्या काकूचा पण एक. मी लिहिलं की असं नसतं दादा, तर लगेच उत्तर, "तुला फ्रेस्नोत बसून बोलायला काय जाते." (फ्रेस्नो म्हणजे अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. मी इथे असते.)

तीन दिवस झाले, डोक्यातून जात नाहीये.

२०१७ साली आपल्याच जिल्ह्यात वीसच्या वर माणसं फवारणीने गेली, शेकडो दवाखान्यात पडली, तेव्हाही हेच बोलले होते सगळे. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती, नोझल वर धरून मारायचं म्हटलं की निम्मं औषध आपल्याच तोंडावर येतं, त्यात वर ऑक्टोबरचं ऊन, अंग घामाने भिजलेलं, एका पंपात दोन-तीन औषधं कालवलेली. खर्रा न खाता पण लागलंच असतं ना ते?

आणि आपण त्याला औषधच म्हणतो. औषध मारलं, औषध लागलं. डब्यावर लाल त्रिकोण नि कवटी असते तरी औषध. औषध म्हटलं की मग ते कोणाला लागलं तर चूक त्याचीच, हे आपोआपच येतं.

मी बदामाच्या प्लांटमध्ये सेफ्टी बघते. ऑगस्टमध्ये शेकिंग (झाडं हलवून बदाम पाडणं) सुरू झालं की हायवे ९९ वरून जाताना काचा बंद ठेवाव्या लागतात इतकी धूळ, ते असो. इथे जो माणूस ऑर्गॅनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक महिन्यात सहापेक्षा जास्त दिवस हाताळतो त्याची आधी रक्ततपासणी होते, कोलिनेस्टरेज (रक्तातलं एक एन्झाइम, या विषाने ते कमी होतं) किती आहे ते नोंदवून ठेवतात, नंतर ते ठराविक पातळीच्या खाली आलं की मालकाने त्याला त्या कामापासून लांब ठेवायचं. १९७४ पासून आहे हे. आणि दादाने हे तर वाचावंच, अंगभर रबरी सूट घालावा लागत असेल तर दिवसा ८० फॅरेनहाइटच्या वर ते काम करूनच घ्यायचं नाही, म्हणजे आपलं २७ डिग्री. यवतमाळला २७ डिग्री कधी असते, पहाटे? सूट घातला तर माणूस आतल्या आत उकडतो हे इथल्या कायद्याला कळतं आणि आपल्या ग्रुपवरच्या इंजिनीयर लोकांना कळत नाही.

इथे सगळं आपोआप झालं असंही नाही. आखूड दांड्याची कुदळ असायची इथे, तिला एल कोर्तितो म्हणायचे, दिवसभर कमरेत वाकून लेट्युस विरळायचा, माणसं चाळिशीत पाठीने कायमची वाकायची. मालक म्हणायचे आखूड दांड्याशिवाय काम नीट होतच नाही. मजूर कोर्टात गेले तेव्हा कुठे १९७५ मध्ये ती बंद झाली. आणि आजही कागदपत्रं नसलेला माणूस चक्कर आली तरी सुपरवायझरला सांगत नाही, मी स्वतः पाहते. पण निदान कोणी त्याला तोंडावर म्हणत नाही की तूच खर्रा खाल्ला असशील.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

इथे पहिल्या वर्षी ट्रेनिंगमध्ये बाईंनी एक स्लाइड लावली, विषबाधा झालेल्या माणसाचा डोळा, बुबुळातली काळी बाहुली खसखशीच्या दाण्याएवढी झालेली. आणि मला आमच्या ओसरीवरचे सालदार काका दिसले. मी सातवीत असेन. फवारून आले, खांबाला टेकून बसले, तोंडातून लाळ गळत होती, आईने गूळ-पाणी दिलं. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसून डोळ्यांत बघत होते, कारण ती बाहुली खरंच तेवढीच होती आणि मला त्याची गंमत वाटली होती. संध्याकाळी पण अंधारात तेवढीच. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही.

पाडव्याला साल, म्हणजे सालदाराची वर्षाची मजुरी, ठरायचं, त्यातून खाडे (न आलेले दिवस) वजा व्हायचे. खाड्याची वही मी लिहायचे, माझं अक्षर चांगलं म्हणून बाबांनी माझ्याकडे दिली होती. ते दोन खाडे मी लिहिले, लाल पेनने. बाबा वाईट माणूस नाहीत, पोळ्याला काकांना आमच्याआधी कपडे घ्यायचे. पण ते दोन दिवस कापले गेले आणि आमच्या घरात कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

म्हणून दादावर चिडले की अर्धा राग माझ्यावरच येतो. कापसाच्याच पैशावर मी नागपूरला शिकले, तिथून इथे आले.

आता आमचं वावर काकांचा मुलगाच ठेक्याने करतो. मागच्या वर्षी इथून त्याच्यासाठी दोन सूट, मास्क, हातमोजे पाठवले, कॉस्टकोच्या चॉकलेटांसोबत एकाच बॅगेत. सप्टेंबरमध्ये फोन केला, घालतोस का रे म्हणून. म्हणाला, "घातला होता ताई एक दिवस, जीव गुदमरते त्याच्यात. सकाळी सहाला सुरू करून नवाला थांबतो म्हटलं तर चौदा एकर होतेच कधी?"

ठेक्याची रक्कम त्याला पाडव्याआधी पूर्ण द्यायची असते. ती बाबांच्या खात्यात जमा होते, आणि कमी करायची का हे मी बाबांना अजून विचारलेलं नाही.