फाउंडेशन गेलंय, जावईबापू!

आमच्या टाउनहाउस सोसायटीचं पत्र आलं. सोबत फोटो: माझ्या पार्किंगच्या काँक्रीटवरचा काळा डाग आणि त्याचा आकार कळावा म्हणून शेजारी ठेवलेलं पेन. आपल्या वाहनातून तेल गळत आहे, सफाईचा खर्च आपल्याकडून वसूल करण्यात येईल. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या या गल्लीत सगळे होंडा ओडिसी आणि टोयोटा कॅमरीवाले सज्जन. माझी एकटीच २००५ची निसान ३५०झेड, तीही वापरलेली. चौकशी समिती नेमायची गरजच पडली नसावी.

साडेतीन लिटरचं इंजिन, २८७ अश्वशक्ती आणि सीटं दोनच. बायकोच्या मते, माहेरचं कुणी आलं तर बसवायला लागू नये म्हणूनच मी ही गाडी घेतली. असो.

गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर चढवली, टॅबलेटवर फोटो काढला आणि आयसीयूतून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखा चेहरा केला. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी, गळतंय म्हणाला. सील तर बदलायचीच, कदाचित अख्खं डिफरन्शियलच. आकडा ऐकून मी निमूट गाडी घरी आणली.

घरी अण्णा होते. अण्णा म्हणजे सासरे. उभी हयात एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये काढून निवृत्त झालेले, हल्ली आमच्याकडे मुक्कामाला आणि कामाविना सुकत चाललेले. गाडी बिघडलीय म्हटल्यावर माणसाला पालवी फुटली. बनियन-लेंग्यावर बाहेर आले, बासमतीची रिकामी गोणी अंथरली आणि गाडीखाली शिरले. बाहेर फक्त पाय. समोरच्या गोऱ्या आजीबाई कुत्रा फिरवत होत्या, त्या जागच्या जागी थिजल्या. यांना काही झालंय का, असं त्यांनी मला विचारलं. मी उत्तर जुळवतोय तोवर खालून एक काळा हात आला आणि माझ्या नाकासमोर उभा राहिला.

"वास घ्या."

"अण्णा, गॅरेजवाला म्हणाला की..."

"त्याने वास घेतला?"

"फोटो काढला."

"फोटोला वास येतो?"

आजीबाई बघत होत्या. मी वास घेतला. कसलाच आला नाही.

"डिफरन्शियलचं नव्वद नंबरचं गिअर ऑइल असतं तर गंधकाने नाक फिरलं असतं. जेवण गेलं नसतं दोन दिवस. प्लग खोलून लेव्हल बघितली का त्याने?"

बघितली नव्हती. अण्णांनी माझ्याकडून पाना मागवून घेतला, प्लग खोलला, आत करंगळी घातली. तेल काठोकाठ. मग तीही करंगळी बाहेर आली. तिचाही वास घ्यावा लागला. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

"आतलं तेल आत आहे. फाउंडेशन गेलंय, जावईबापू. बुश फुटलंय."

आणि तसंच होतं. फाउंडेशन म्हणजे जड भाग ज्यावर टेकतो किंवा टांगतो ती बैठक. गिअरचा आवाज, थरथर आत येऊ नये म्हणून या गाडीचं डिफरन्शियल ज्या रबरी बुशावर टांगतात, त्याच्या पोटात द्रव भरलेला असतो. रबर म्हातारं झालं की फाटतं आणि तो काळा द्रव ओघळतो. बघणाऱ्याला वाटतं, डिफरन्शियलच गेलं. गिअर टाकताना मागून येणारा 'ठक्' त्याचाच. अण्णांना मात्र हा प्रकारच पटेना. एसटीच्या बसला डिफरन्शियल थेट ॲक्सलच्या हौजिंगमध्ये, त्याला बुशाचे लाड नाहीत. रबरात पाणी भरून ठेवायचं आणि वर ते गळतं म्हणून रडायचं, याला काय म्हणावं? हे सगळं मी आजीबाईंना इंग्रजीत सांगावं असा त्यांचा आग्रह. सांगितलं. मग अण्णा त्यांच्या कॅमरीखाली गेले.

मी सोसायटीला कळवलं की ते तेल नव्हतंच. उत्तर आलं, नियमात 'तेल किंवा तत्सम द्रव' असं आहे. खर्च भरला. आमच्या पाण्याच्या पाइपची गळती मात्र गेल्या हिवाळ्यापासून यांच्या नियमात बसलेली नाही.

पहिला गॅरेजवाला म्हणाला, नुसतं बुश आम्ही बसवत नाही, अख्खी सबफ्रेम, म्हणजे डिफरन्शियल धरून ठेवणारी खालची चौकट, घ्या. दुसरा तयार झाला. बुश स्वस्तच, पण ते काढायला सबफ्रेम खाली उतरवायची, जुनं प्रेसवर दाबून काढायचं, आणि न्यू जर्सी थंडीत रस्त्यावर जे मीठ ओतते त्याने गंजलेला एकेक बोल्ट कापायचा. मजुरीत मी घाईला आलो. नवं बुश पॉलियुरेथेनचं, भरीव आणि कडक, गळायला आत काही नाही. टिकेल. पण आता ताशी साठ मैलांच्या पुढे गेलं की गिअरांची शिट्टी थेट कानात, आणि बायकोशी ओरडून बोलावं लागतं.

अण्णांनी एव्हाना दापोडीतल्या जुन्या मंडळींना एकेक करून फोन लावलेत. अमेरिकेतल्या मेकॅनिकला जमलं नाही, जावयाची गाडी शेवटी मीच दुरुस्त केली. दुरुस्त केली? बोट लावलं. बिल मी भरलं. आणि हे घरात बोलायचीही सोय नाही, कारण म्हातारा बरोबर होता.