प्रथमोपचार पेटीबाबतच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या मेडिकलमधून नेलेल्या प्रथमोपचार पेटीला आपण एकच तारा दिला आणि तीन तक्रारी लिहिल्या: चिकटपट्टीचा डिंक सुटलेला होता, सर्पदंशाचे औषध व बांधायची आवळपट्टी पेटीत नव्हती, आणि टॉर्च घालून आम्ही उगाच किंमत वाढवली.

पहिली चूक सर्वस्वी आमची. मे महिन्यात आलेला माल मागच्या टिनाच्या खोलीत राहिला. आपली तक्रार वाचून त्याच खोक्यातले दुसरे रीळ उलगडले, तर कापड हातात आणि डिंक बोटांना, अशी त्याची गत होती. ती सर्व रिळे काढून टाकली आहेत. आपण पावती नसली तरी बदलून न्यावे, आणि घरीही पेटी टिनाखाली किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नये.

सर्पदंशाबाबत मात्र आम्ही पेटीत बदल करणार नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी लस सलाईनमधून शिरेत द्यावी लागते. तिची तीव्र रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ती दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिली जाते, घरी ठेवण्याची ती वस्तूच नव्हे. आवळपट्टी आम्ही जाणूनबुजून वगळली आहे, कारण करकचून बांधल्याने रक्तपुरवठा थांबतो आणि घोणस चावलेला पाय, जो आधीच सुजत असतो, तो कायमचा निकामी होण्याची भीती वाढते. पेटीत दोन लाकडी पट्ट्या आणि क्रेप बँडेज आहे ते, मोडलेल्या हाडाला देतो तसा आधार देऊन, दंश झालेला पाय न आवळता स्थिर ठेवण्यासाठी. सूज चढण्यापूर्वी अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत, जखम कापू वा चोखू नये, रुग्णाला चालवू नये आणि लगेच १०८ ला फोन करावा. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही, हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.

टॉर्चबद्दल एवढेच, की आपल्या भागात ओलिताची लाईन बरेचदा रात्रीचीच असते आणि धुऱ्यावरून मोटार सुरू करायला जाताना पाय कुठे पडतो ते दिसणे, हाच सर्पदंशावरचा पहिला उपाय आहे. तरीही तो नको असल्यास चिकटपट्टी बदलायला याल तेव्हा सोबत आणावा; त्याचे पैसे परत मिळतील.

आपला,
दुकानदार