'रंग भरले' या शब्दांबद्दल

महोदय,

महाड परिसराच्या दरड-नकाशावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "घरी बसून जीआयएसमध्ये रंग भरले म्हणजे डोंगर कळत नाही. नोंदी सगळ्या रस्त्याकडेच्या, पावसाचा पत्ता नाही. इर्शाळवाडी तरी कुठल्या यादीत होती?" (जीआयएस म्हणजे संगणकावर नकाशे करायची प्रणाली.) मतभेद असू द्यात. पण 'रंग भरले' हे शब्द दोन दिवस डोक्यातून जात नाहीयेत.

आधी माझी एक चूक. शीर्षकात मी 'धोका' लिहिलं होतं, तिथे 'दरडप्रवणता' हवं होतं. उतार कुठे घसरू शकतो ती प्रवणता. खाली घरं-माणसं किती आहेत हे त्यात धरलं की मग धोका. शीर्षक बदललं आहे.

आता रंग. तांबडा, म्हणजे सर्वांत दरडप्रवण, कुठे द्यायचा हे मी मनाने ठरवत नाही. उंचीच्या आकड्यांवरून उतार काढायचा, त्यावर खडक, मातीची जाडी, जमिनीचा वापर, वहाळापासूनचं अंतर असे थर बसवायचे. मग पूर्वी दरडी आलेल्या जागा घेऊन बघायचं, कुठल्या प्रकारच्या उतारावर, त्याच्या क्षेत्राच्या मानाने, दरडी जास्त पडल्या. जिथे जास्त, तिथे हिशेबात वजन जास्त. काही नोंदी मुद्दाम बाजूला ठेवायच्या आणि शेवटी नकाशा त्या जागा ओळखतो का ते तपासायचं. पाच महिने रात्री जागून हे केलं आहे.

आणि 'घरी बसून'? माझं आजोळ महाड तालुक्यातलं. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते इथे दरडी आल्या तेव्हा मी दहावीत होतो. चिखलातून भांडी आणि दप्तरं निघताना मी पाहिली आहेत. पावसाचा जोर वाढला की आजी शेवटपर्यंत अंथरूण दाराशी घ्यायची. २०२१ च्या जुलैत तळिये गाव दरडीखाली गेलं. त्या दिवाळीनंतर, गवत वाळल्यावर, मी आजूबाजूच्या डोंगरांवर भेगांच्या जागा जीपीएसवर टिपत हिंडलो. तुम्ही त्यातले किती डोंगर चढलात तेही लिहायला हवं होतंत.

रस्त्याकडेच्या नोंदींचं म्हणाल तर सगळीकडे तसंच असतं. रस्ता बंद पडला की नोंद होते. पावसाचं गणित वेगळं, त्यावर नंतर लिहीन.

इर्शाळवाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत नव्हती, खरं आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री ती दरडीखाली गेली. पण त्यावरून नकाशेच निरुपयोगी कसे ठरतात? भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा देशभराचा दरडप्रवणता नकाशा १:५०,००० चा आहे. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. अख्खी वाडी त्यात नखाएवढीही भरत नाही. म्हणून तर एकेका वाडीचा बारीक नकाशा करायला हवा, आणि तेच मी करायला घेतलंय.

माझ्या नोंदींची फाइल लेखाखाली ठेवली आहे. चुकीची जागा दिसली तर अक्षांश-रेखांशासह कळवा, त्याच दिवशी दुरुस्त करीन. 'रंग भरले' पुन्हा लिहिलंत तर मात्र उत्तर देणार नाही.