‘कर्ज बुडवायला शिकवताय का?’ – एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार सर,

क्रेडिट कार्डाच्या जुन्या थकबाकीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही बरंच खरमरीत लिहिलंत. त्यात तीन आक्षेप आहेत. एक, मी लोकांना कर्ज बुडवायला शिकवतोय आणि त्याचा भुर्दंड शेवटी प्रामाणिक ग्राहकांना पडतो. दोन, ‘तीन वर्षांनी कर्ज संपतं’ हे साफ खोटं आहे, बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला तरी ते सांगू नये. तीन, तुमच्या मेव्हण्यांना सात वर्षांनी नोटीस आली, मग मुदत कुठे गेली? दोन ओळींत उत्तर देणं तुमच्यावर अन्याय होईल, म्हणून जरा बैजवार लिहितो.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करू, कारण तिथे तुम्ही आणि मी एकाच बाजूला आहोत. कर्ज संपतं असं मी म्हटलेलंच नाही. मुदतीचा कायदा, १९६३ नुसार अशा येण्यासाठी दावा लावायला तीन वर्षं मिळतात. ती उलटली की दाव्याचा रस्ता बंद होतो, पण देणं देणंच राहतं. बॉम्बे डाइंग विरुद्ध मुंबई राज्य या पन्नासच्या दशकातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलंय आणि ते आजही तसंच मानलं जातं. म्हणूनच मुदत गेल्यावर स्वखुशीने भरलेले पैसे ‘मुदत गेली होती’ म्हणून परत मागता येत नाहीत. म्हणूनच त्याच बँकेत बचत खातं किंवा ठेव असेल, तर करार कायद्याच्या कलम १७१ वर आणि कार्डाच्या अटींवर बोट ठेवून बँक त्यातून रक्कम वळती करू पाहते. बँकेने ‘राइट ऑफ’ केलं म्हणजे माफ केलं, हाही गैरसमजच. ती बँकेच्या ताळेबंदातली नोंद आहे, कर्जदाराला दिलेली सूट नव्हे. हे तुम्हाला मी काय सांगणार!

आता मेव्हण्यांची नोटीस. नोटीस सात वर्षांनीच काय, सतरा वर्षांनीही येऊ शकते. कागदावर ‘अमुक दिवसांत रक्कम भरा, अन्यथा कायदेशीर कारवाई’ लिहून पाठवायला मुदतीची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती दाव्याला. वकिलाच्या नोटिशीने बंद झालेली मुदत पुन्हा सुरू होत नाही. बँकेने ते येणं एखाद्या ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनीला, म्हणजे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलं तरीही होत नाही. विकत घेणाऱ्याला बँकेच्या हक्काइतकाच हक्क मिळतो, वर काही नाही.

ही पत्रं दिसतात कशी, तेही सांगतो, कारण गफलत तिथेच होते. वर तराजूचं चित्र, खाली ठळक अक्षरांत ‘लोकअदालत’, मग ‘दावापूर्व’ हा शब्द बारीक टाइपात, आणि दावा क्रमांकाच्या जागी कार्डाचे शेवटचे चार आकडे. हे समन्स नव्हे. दावापूर्व लोकअदालतीला गेला नाहीत तर तुमच्याविरुद्ध एकतर्फी आदेश होत नाही, तिथे जे होतं ते दोन्ही बाजूंच्या संमतीनेच होतं. मात्र गेलात आणि तडजोडीवर सही केलीत, तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा मानला जातो, त्यावर अपील नाही, आणि हुकूमनाम्याच्या दरखास्तीला, म्हणजे त्यानुसार वसुलीसाठी कोर्टात अर्ज करायला, बारा वर्षं मिळतात. म्हणजे ज्या येण्यासाठी दावाही लावता आला नसता, ते माणूस स्वतःच्या सहीने बारा वर्षांसाठी पक्कं करून येतो. जाऊ नका असं मी म्हणत नाही. काय करतोय ते कळून जा.

हाच माझ्या लेखाचा गाभा होता आणि तो तुमच्या रागात वाहून गेला असं मला वाटतं. मुदतीची माहिती हवी ती पळून जाण्यासाठी नव्हे, सही करण्याआधी.

रिकव्हरीवाल्यांचा फोन ऐकलाय का कधी? बँकेच्या त्या बाजूला बसणाऱ्याला बहुधा तो ऐकू येत नाही. आधी जरब, मग एकदम मऊ आवाज: “सर, आज नुसते पाचशे टाका, फाइल होल्डवर ठेवतो. आणि व्हॉट्सॲपवर एक लाइन लिहा, उरलेले पुढच्या महिन्यात देतो म्हणून.” त्यातले पाचशे रुपये दुय्यम आहेत, हवी असते ती लाइन. मुदत चालू असताना देणं लेखी, सहीनिशी कबूल केलं की मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ खाली त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मोजली जातात. गंमत म्हणजे ‘देणं आहे, पण मी देणार नाही’ असं लिहिलं तरी ती कबुलीच ठरते! मुदतीच्या आत अंशतः भरणा केला आणि भरणाऱ्याच्या हातचा किंवा सहीचा लेखी पुरावा असला, तर कलम १९ ने तेच होतं. मुदत उलटल्यावर मात्र नुसत्या कबुलीने किंवा किरकोळ भरण्याने दावा जिवंत होत नाही. पण ‘मी ही रक्कम फेडेन’ असं सहीनिशी लिहून दिलं, तर करार कायद्याच्या कलम २५(३) नुसार तो नवा करार होतो आणि त्यावर दावा चालतो. आता ईमेल-मेसेजलाही लेखी पुरावा म्हणून पुढे करतात, तेव्हा तिथेही तोल सांभाळूनच लिहावं.

एक आडवळणाची गोष्ट. एकाच बँकेची दोन देणी असतील, एक चालू आणि एक मुदतबाह्य, आणि पैसे भरताना ते कशापोटी हे सांगितलं नाही, तर करार कायद्याच्या कलम ६० नुसार बँक ते मुदतबाह्य देण्यात जमा करू शकते. वर चालू कर्जाचा हप्ता थकलेला दिसतो तो दिसतोच. भरणा करताना कर्जाचा क्रमांक लेखी कळवावा तो यासाठी.

मुदत मोजण्यात लोक सगळ्यात जास्त कुठे चुकतात? करोनाच्या काळात. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला गेला. जानेवारी २०२० मध्ये थकलेल्या कार्डाची मुदत जानेवारी २०२३ मध्ये संपली असं धरून निवांत बसलेल्यांवर २०२४ च्या अखेरीपर्यंत दावा लागू शकत होता. म्हणून वर्षं बोटांवर मोजून मोकळं होऊ नये. शेवटचा भरणा, मधली पत्रं, सेटलमेंटची कागदपत्रं, सगळं समोर ठेवून वकिलाकडून तारीख काढून घ्यावी.

आणि खरं समन्स आलं तर? मग ‘मुदत गेलीय’ म्हणत घरी बसणं हा शुद्ध वेडेपणा. मुदतबाह्य दावा कोर्टाने स्वतःहून फेटाळावा असं मुदतीच्या कायद्याचं कलम ३ म्हणतं, हे खरं. पण दाव्यात तारखा फिर्यादीच्या सोयीने मांडलेल्या असतात, त्या खोडायला समोर कुणी उभं हवं ना! समरी दावा, म्हणजे झटपट निकालाच्या पद्धतीने चालणारा दावा, असेल तर समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. ती चुकली की एकतर्फी हुकूमनामा, मग दरखास्त, जप्ती. तिथे मुदतीचा मुद्दा काढायला फार उशीर झालेला असतो. जुन्या कार्डापायी खरोखर अडचणीत आलेले जे लोक माझ्याकडे येतात, त्यांतले बरेचसे कर्जामुळे नव्हे, न उघडलेल्या पाकिटामुळे अडकलेले असतात.

आता तुमचा पहिला आक्षेप, नीतीचा. घेतलेलं फेडावं, याबद्दल माझं दुमत नाही. पण ‘घेतलेलं’ किती, तेही बघू या. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरलं, तर ५०,००० रुपयांचे तीन वर्षांत चक्रवाढीने १,७२,००० च्या वर जातात. त्यात लेट फी आणि व्याजावरचा जीएसटी धरलेला नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या व्याजाला घातलेली वर्षाला तीस टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केली, त्यामुळे आता तीही ढाल उरली नाही. नोकरी गेलेल्या माणसाने मुद्दल आणि रास्त व्याज देऊ केलं आणि वरच्या डोंगराला नाही म्हटलं, तर त्याला बुडव्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुदतीचा कायदा तर सावकारालाही लागू आहे आणि बँकेलाही. बँकेकडे संगणक, वकील, रिकव्हरी विभाग सगळं असताना तिने तीन वर्षं दावा लावला नाही, तर तो दोष कर्जदाराच्या चारित्र्यात शोधू नये.

ज्याला फेडायचंय त्याने जरूर फेडावं. क्रेडिट ब्युरोकडची, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडची, नोंद मुदतीच्या कायद्याप्रमाणे चालत नाही, ती किमान सात वर्षं राहते, आणि पुढेमागे घरकर्ज हवं असेल तर जुनं कार्ड तिथे आडवं येतं. फक्त आधी रक्कम भरून मग पत्र मागण्यापेक्षा, तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर हातात आल्यावरच पैसे द्यावेत, तेही बँकेच्या खात्यात, वसुलीवाल्याच्या नाही. ‘सेटल्ड’ (तडजोडीने कमी रकमेत मिटवलेलं) आणि ‘क्लोज्ड’ (पूर्ण फेडून बंद केलेलं) या नोंदींत फरक आहे, कोणती होणार ते पत्रातच लिहून घ्यावं.

धमक्यांबद्दल थोडक्यात. नुसतं कार्ड थकलं म्हणून अटक होत नाही, ते दिवाणी देणं आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय. मोडलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फुकट आहे.

राहता राहिले मेव्हणे. त्यांच्या त्या पत्रावर कोर्टाचं नाव, दावा क्रमांक आणि हजर राहण्याची तारीख आहे का, एवढं पाहून सांगा. तिन्ही असतील तर आजच वकील गाठायला लावा. नसतील तर पत्र आणि पाकीट दोन्ही जपून ठेवायला सांगा, आणि गेल्या सात वर्षांत त्यांनी कुठे सही केली किंवा काही लिहून दिलं का, ते मात्र खोदून विचारा. लोक ‘काही नाही’ म्हणतात आणि मग एक सेटलमेंटचा फॉर्म निघतो.